उभ्या वृक्षातील सड : लाकूड कुजविणाऱ्या कवकांचे कार्य

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळावा, वारा सुटावा आणि रस्त्याकडेचा एखादा जुना वृक्ष रात्रीतून आडवा व्हावा, हा प्रकार गोव्यातील बाराही तालुक्यांना परिचयाचा आहे. वीजवाहिन्या तुटतात, वाहतूक खोळंबते, एखाद्या घराची कौले फुटतात आणि क्वचित प्रसंगी मनुष्यहानीही होते. सकाळी अग्निशामक दलाचे जवान करवतीने खोडाचे तुकडे करू लागले म्हणजे जमलेल्या मंडळींना एकाच गोष्टीचे नवल वाटते. वृक्षाची पाने हिरवीगार असतात, फांद्यांना नवी पालवी फुटलेली असते, आणि खोड मात्र आतून पोकळ निघते. पोकळीच्या कडेचे लाकूड हाताने कुस्करता येते. कोणी म्हणतो, वाळवीने खाल्ले, कोणी वाऱ्याला दोष देतो, कोणी म्हातारपणाला. वाळवी अशा खोडात पुष्कळदा आढळते हे खरे, पण ती बहुधा मागाहून आलेली असते. वाऱ्याने केवळ शेवटचा धक्का दिलेला असतो. वृक्ष पोखरण्याचे मूळ काम कित्येक वर्षे मुकाट्याने चाललेले असते, आणि ते करणारा जीव म्हणजे कवक होय.

पावसाळ्यात उगवणारी अळंबी, शिळ्या भाकरीवरील बुरशी, झाडाच्या बुंध्यावर पंख्यासारखी फुटलेली कठीण भूछत्रे, हे सर्व कवकांचेच प्रकार. डोळ्यांना दिसणारे भूछत्र हे कवकाचे केवळ फळ. त्याचे खरे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक अशा असंख्य तंतूंचे जाळे असून ते लाकडाच्या वा मातीच्या आत पसरलेले असते. आंब्याच्या झाडाचा आंबाच तेवढा दिसावा आणि झाड जमिनीत दडलेले असावे, तशातला हा प्रकार. बुंध्यावरील भूछत्र कोयत्याने छाटून टाकले म्हणजे रोग गेला, अशी जी समजूत बागायतदारांत आढळते तिच्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

हे कवक लाकूड कसे खाते हे कळावयास लाकूड कशाचे बनलेले असते ते आधी पाहिले पाहिजे. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांसारख्या पेशींची मोळी. या पेशींच्या भिंती मुख्यतः तीन द्रव्यांच्या असतात. सुमारे निम्मा, म्हणजे ४० ते ५० टक्के भाग सेल्युलोजचा, २० ते ३० टक्के भाग हेमिसेल्युलोजचा आणि जवळजवळ तितकाच लिग्निनचा. हल्लीच्या सिमेंट काँक्रीटच्या बांधकामाशी याची तुलना केल्यास विषय सोपा होतो. सेल्युलोजचे लांब धागे म्हणजे लोखंडी सळ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे त्या सळ्या बांधणारी तार, आणि लिग्निन म्हणजे सर्व पोकळ्या भरून काढणारे काँक्रीट. कापसाचा धागा हे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो मऊ असतो, लवचीक असतो आणि मातीत पुरला तर लवकर कुजतो. त्याच सेल्युलोजमध्ये लिग्निन भरले गेले की साग आणि जांबा तयार होतात. शंभर-सव्वाशे फूट उंचीचे खोड स्वतःचा भार पेलू शकते आणि मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी न झिरपता चढते, ते लिग्निनमुळे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन याने १८३८ साली लाकडावर तीव्र द्रव्यांची क्रिया करून सेल्युलोज वेगळे काढले आणि त्याभोवती आणखी काही कठीण द्रव्य असल्याचे दाखविले. लिग्निन हे नाव मात्र त्याच्याही आधी, स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने लॅटिन भाषेतील ‘काष्ठ’ या अर्थाच्या शब्दावरून दिलेले आहे. नाव मिळाले तरी या द्रव्याची घटना उलगडण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. कारण सेल्युलोज म्हणजे साखरेचे एकसारखे कण ओळीने गुंफलेली माळ असते. एक दुवा तोडण्याची युक्ती ज्या जीवाला साधली त्याला सगळी माळ सोडविता येते. लिग्निनमध्ये अशी शिस्तच नसते. तीन प्रकारच्या घटकांचे रेणू जसे सापडतील तसे, निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या प्रकारच्या बंधांनी एकमेकांना चिकटून त्याचे त्रिमितीय जाळे बनते. एका ठरावीक कुलपाला एक ठरावीक किल्ली, या रीतीने काम करणाऱ्या नेहमीच्या विकरांना, म्हणजेच पाठ्यपुस्तकांतील एन्झाइमांना, येथे कुलूपच सापडत नाही. गाईगुरांना पेंढ्यातील सेल्युलोज पचते, पण त्यातील लिग्निन जवळजवळ जसेच्या तसे शेणावाटे बाहेर पडते. कागदाच्या कारखान्यात हेच द्रव्य वेगळे करण्यासाठी लाकडाच्या चिपा तीव्र अल्कलीत घालून १६० ते १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर दाबाखाली शिजवाव्या लागतात. वृत्तपत्राच्या स्वस्त कागदात ते बरेचसे तसेच राहते, म्हणून जुनी वर्तमानपत्रे पिवळी पडतात आणि चांगल्या कागदावरील दप्तर टिकून राहते. कचेरीतील जुन्या फायली चाळणाऱ्यांनी हा फरक पाहिलेला असेल.

हे एवढे चिवट द्रव्य पावसाळ्यातील साधे अळंबे कोणत्याही भट्टीवाचून, सावलीत बसून फोडते.

पूर्वी युरोपातील वनाधिकारीही असेच समजत की लाकूड आधी आपोआप कुजते आणि त्यातून भूछत्र उपजते. जर्मनीतील वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग याने हे उलटे आहे असे सिद्ध केले. १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने खोडावरील भूछत्र आणि आतील लाकडात आढळणारे कवकतंतू यांचा प्रत्यक्ष संबंध दाखवून दिला आणि १८७८ च्या ग्रंथात निरनिराळी कवके लाकूड निरनिराळ्या रीतीने कुजवितात हे चित्रांसह मांडले. सूक्ष्मदर्शकाशिवाय दुसरे मोठे साधन हाताशी नसताना केलेले हे काम आजही आधारभूत मानले जाते. कवक हे कुजण्याचे फळ नसून कारण आहे, एवढे एक वाक्य सिद्ध झाले आणि वृक्षरोगांचे शास्त्र उभे राहिले.

कुजण्याचा आरंभ बीजाणूपासून होतो. एका भूछत्रातून कोट्यवधी बीजाणू हवेत सुटतात. ते इतके हलके असतात की श्वासाबरोबर आपणही रोज कितीतरी आत घेतो. निरोगी सालीवर पडलेला बीजाणू काही करू शकत नाही. साल हे वृक्षाचे चिलखत होय. परंतु फांदी मोडलेली जागा, कोयत्याचा घाव, वाहनाची धडक, वणव्याने होरपळलेला बुंधा, पाटीसाठी ठोकलेला खिळा किंवा जलवाहिनीचा चर खणताना तुटलेले मूळ, अशी उघडी वाट मिळाली की तो रुजतो. त्याला चार गोष्टी लागतात : ओलावा, हवा, बेताची ऊब आणि अन्न. अन्न तर लाकूडच. पंचवीस ते तीस अंशांची ऊब आणि चार महिन्यांचा ओलावा कोकणपट्टीत निसर्गतःच मिळतो.

रुजलेला तंतू पेशीच्या पोकळीतून पुढे सरकतो आणि भिंतीवर आपले विकर सोडतो. येथून पुढे कवकांचे दोन मोठे संप्रदाय होतात, आणि त्यांची कामाची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

पहिल्या प्रकाराला श्वेत सड म्हणतात. या सडीत लाकूड पांढुरके, ओलसर आणि रेषेदार होते. ओढले तर त्याचे धागे निघतात. तपकिरी रंगाचे लिग्निन नाहीसे होऊन पांढरे सेल्युलोज मागे उरल्याने हा रंग येतो. लिग्निनचा पूर्ण नाश करून त्याचा कर्बवायू व पाणी करू शकणारे जीव सृष्टीत फार थोडे, आणि त्यांत श्वेत सडीची कवके अग्रगण्य आहेत. ती हे कसे साधतात याचा उलगडा १९८३ साली झाला. अमेरिकेत मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेत टिएन व कर्क या संशोधकांना आणि त्याच सुमारास ओरेगॉनमधील दुसऱ्या एका गटाला फॅनरोकीटी क्रायसोस्पोरियम नावाच्या कवकात एक विकर सापडले. त्याला पुढे लिग्निन पेरॉक्सिडेज हे नाव मिळाले. त्यानंतर मँगेनीजच्या साहाय्याने काम करणारे दुसरे पेरॉक्सिडेज सापडले. तिसरे विकर लॅकेज. ते जपानी संशोधक योशिदा याने रोगणाच्या झाडाच्या चिकात १८८३ सालीच पाहिले होते, म्हणजे पहिल्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी! कवकांमध्येही ते असते हे त्या शतकाच्या अखेरीस कळले.

या विकरांची युक्ती मोठी गमतीची आहे. कवक आधी थोडेसे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते; दवाखान्यात जखम धुण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य. त्याच्या जोरावर पेरॉक्सिडेज विकर लिग्निनच्या रेणूतून केवळ एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेते. एवढ्याने तो रेणू अस्थिर होतो आणि स्वतःच्याच अस्थिरतेमुळे कोठेतरी तुटतो. बंध कोणता, कोणत्या जागचा, याची विकराला फिकीर करावी लागत नाही. कुलूप शोधण्याऐवजी दाराचा खांबच हलवावा तसा हा प्रकार. म्हणूनच शास्त्रज्ञांनी या क्रियेला विकरांकरवी होणारे ज्वलन म्हटले आहे. चुलीत सर्पण जळते तेव्हा जे घडते त्याचेच हे थंड, ज्वालारहित आणि अतिशय मंद रूप होय. पेशीभित्तीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की ही विकरे धडधाकट भिंतीत शिरूही शकत नाहीत. ती पृष्ठभागापासून भिंत झिजवीत जातात, तर मँगेनीजचे छोटे कण थोडे आतवर जाऊन वाट मोकळी करतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढी खटपट करूनही या कवकाला लिग्निनपासून पोटापुरतेही मिळत नाही. त्याला हवे असते त्यामागे दडलेले सेल्युलोज, म्हणजे साखर. नारळाचे खोबरे मिळविण्यासाठी करवंटी फोडावी लागते, करवंटी कोणी खात नाही. तसेच हे आहे.

दुसरा प्रकार तपकिरी सडीचा. येथील कवक लिग्निन दूर करण्याचा खटाटोप करीत नाही. ते लोहाचे अणू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगाने अतिशय दाहक असे सूक्ष्म कण भिंतीच्या आत तयार करते. ते कण विकरांपेक्षा पुष्कळच लहान असल्यामुळे भिंतीत खोलवर शिरतात आणि सेल्युलोजचे लांब धागे तोडून टाकतात. लिग्निन थोडेसे बदलते, पण राहते. म्हणून लाकूड तपकिरी होते, सुकल्यावर त्याला आडव्याउभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि बोटांनी चुरडल्यास भुकटी होते. काँक्रीट शाबूत ठेवून सळ्या गंजवून टाकाव्यात असे हे काम आहे. बांधकामाच्या दृष्टीने हा प्रकार अधिक घातक होय, कारण लाकडाच्या वजनात दहा टक्केही घट होण्यापूर्वी त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरलेली असू शकते. वरून तुळई धड दिसते आणि भार येताच कडकन मोडते. ही सड मुख्यत्वे देवदार, चीड अशा सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात आढळते. युरोपातील घरांना छळणारे आणि ‘शुष्क सड’ या चुकीच्या नावाने प्रसिद्ध असलेले कवक हिमालयातील जंगलांत नैसर्गिक अवस्थेत सापडले आहे. नाव चुकीचे अशासाठी की शुष्क लाकूड कोणतेही कवक कुजवू शकत नाही. गोव्यात सूचिपर्णी वृक्षांची वने नाहीत, परंतु आयात केलेल्या पाइनच्या फळ्या आता फर्निचरात व छतांत सर्रास वापरल्या जातात; तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

मृदू सड हा तिसरा प्रकार. सतत ओल्या राहणाऱ्या खांबांच्या पृष्ठभागावर तो दिसतो. त्याची गती मंद असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खोड पोकळ असता वृक्ष हिरवा कसा राहतो? याचे कारण असे की, मोठ्या वृक्षाच्या गाभ्यातील लाकूड मृत असते. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरच्या पांढुरक्या लाकडाकडे आणि वाढीचे काम सालीखालच्या पातळ जिवंत थराकडे असते. गाभा गेला तरी हे दोन्ही चालू राहतात. कित्येक जातींत वृक्ष गाभ्यामध्ये विषारी द्रव्ये साठवून स्वतःचे रक्षण करतो. सागाचा गाभा दीर्घकाळ टिकतो तो त्यातील क्विनोन वर्गाच्या द्रव्यांमुळे; त्याच सागाचे बाहेरचे पांढरे लाकूड मात्र कोणत्याही सामान्य लाकडाप्रमाणे कुजते. साग म्हटला की तो टिकणारच, या भरवशावर पांढऱ्या लाकडाच्या चौकटी विकत घेणारे पुढे पस्तावतात. सावर, आंबा, गुलमोहर यांच्या लाकडात असे संरक्षण फारसे नाही.

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो याने हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. माणसाची जखम भरून येते, म्हणजे तेथे नवे मांस येते. वृक्षाची जखम तशी भरत नाही. वृक्ष कुजलेल्या भागाभोवती कुंपण घालतो : वर-खाली जाणाऱ्या नळ्या बंद करतो, वार्षिक कड्यांच्या व किरणांच्या पेशींत प्रतिकारक द्रव्ये भरतो आणि जखमेनंतर जे नवे लाकूड तयार होते त्याच्या आणि जुन्याच्या मध्ये एक भक्कम भिंत उभी करतो. शेवटची ही भिंत सर्वांत बळकट असते. जखम झाली त्या वेळी खोड जेवढे जाड होते, तेवढ्याच जाडीची पोकळी पुढे राहते आणि बाहेर नवे लाकूड वाढत जाते, ते यामुळे.

या सिद्धांतामुळे फांद्या तोडण्याची जुनी रीत चुकीची ठरली. फांदी खोडाशी जेथे मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. पूर्वी फांदी खोडाला अगदी सपाट घासून तोडीत असत, म्हणजे दिसायला ‘साफ’ दिसे. तसे करताना हे कडे नष्ट होते आणि वृक्षाची संरक्षक फळीच मोडते. कड्याच्या बाहेरून, पण लांब खुंट न ठेवता फांदी तोडणे ही योग्य रीत. जड फांदी असल्यास आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट छेद घ्यावा, नंतर वरून तोडावी, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. घावावर डांबर वा रंग फासल्याने सड थांबते असे शायगोच्या प्रयोगांत आढळले नाही. उलट आतला ओलावा कोंडून राहतो. ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धतही आता त्याज्य मानतात, कारण वारा आला की खोड हलते, सिमेंट हलत नाही, आणि दोहोंच्या घर्षणाने वृक्षाने उभारलेली भिंत फुटते. शाळेच्या आवारातील वडाभोवती किंवा देवळासमोरच्या पिंपळाभोवती खोडाला भिडवून काँक्रीटचा पार बांधण्याची हौस गावोगाव दिसते. पार जरूर असावा. पण खोडापासून पुरेसे अंतर सोडून, मुळांना हवा व पाणी मिळेल असा. मुळे घुसमटली की सड खालून सुरू होते आणि ती वरून दिसत नाही.

मग कोणता वृक्ष धोक्याचा मानावा? केवळ ढोली आहे म्हणून वृक्ष तोडणे बरोबर नाही. रिकामी नळी भरीव दांड्याच्या मानाने बरीच बळकट असते, हे सायकलीची चौकट पाहणाऱ्याला सांगावयास नको. भोवतालच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांश असेल तर खोड सामान्यतः तग धरते, असा एक ठोकताळा जाणकार वापरतात. मात्र ढोलीला बाजूने मोठे तोंड असेल किंवा वृक्ष कललेला असेल तर तो लागू पडत नाही. बुंध्याशी किंवा मुळांवर दरवर्षी उगवणारी कठीण भूछत्रे, एका बाजूची माती उचलली जाणे, शेंड्याकडून फांद्या वाळत येणे, लाकडी ठोकळ्याने ठोकल्यास बदबद आवाज येणे, या खुणा गंभीर होत. त्यांतही मुळांजवळचे भूछत्र सर्वांत गंभीर, कारण खोडाची पोकळी वृक्षाला वाकवील, पण मुळांची सड त्याला उन्मळून पाडते. अशा खुणा दिसल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वीच, एप्रिल-मे महिन्यांत, पंचायतीने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी वनखात्याकडे लेखी कळवावे. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण अधिनियम, १९८४ अन्वये वृक्ष तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही परवानगी मागण्याचा कंटाळा करून बुंध्याशी आग लावणे किंवा साल सोलणे असे प्रकार काही ठिकाणी होतात. त्याने वृक्ष मरतो, पण उभाच राहतो, आणि कुजत कुजत कोणाच्या तरी अंगावर पडावयास मोकळा होतो.

जंगलातील ढोली तर राखलीच पाहिजे. धनेश पक्षी स्वतः खोड कोरू शकत नाही. कवकांनी पोखरलेल्या मोठ्या वृक्षाची तयार ढोली त्याला घरट्यासाठी लागते. मादी आत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला फळे भरवितो. म्हादई आणि मोले येथील वनांतून महाधनेशाची विण टिकून आहे ती अशा वृक्षांवर.

कुळागरे राखणाऱ्यांना या कवकांचा एक भाऊबंद चांगलाच जाचतो. गॅनोडर्मा नावाच्या या कवकाची लाखेचा मुलामा दिल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी भूछत्रे माडाच्या व पोफळीच्या बुंध्याशी दिसतात. कर्नाटकातील पोफळीच्या बागांत या रोगाला ‘अणबे’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच अळंबी असा आहे. माडावर हा रोग आला की आधी खालची झावळी मलूल होऊन लोंबतात, बुंध्याच्या भेगांतून तांबूस-तपकिरी द्रव पाझरू लागतो आणि हा पाझर हळूहळू वर चढतो. भूछत्र येते ते बहुतेक शेवटी. तोवर बुंध्याचा आतला भाग व मुळे सडून गेलेली असतात. म्हणून भूछत्राची वाट न पाहता पाझर दिसताच हालचाल करावी. रोगट झाडाभोवती दोन फूट खोल व एक फूट रुंद चर खणून त्याची मुळे शेजारच्या झाडांपासून तोडावीत. मेलेले झाड बुंध्यासकट व मुळांसकट काढून जाळावे. प्रत्येक माडाला दरवर्षी पाच किलो निंबोळी पेंड, शक्य तर ट्रायकोडर्मा या उपकारक कवकासह द्यावी. कवकावर कवकाचाच उतारा असा हा उपाय आहे. बागेत पाणी तुंबू देऊ नये, आणि एका झाडाच्या अळ्यातील पाणी दुसऱ्याच्या अळ्यात वाहू देऊ नये. नांगरटीत वा खणतीत मुळे दुखविणे हे या रोगाला आमंत्रण देण्यासारखेच. अधिक सल्ल्यासाठी विभागीय कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधता येतो.

घराच्या लाकडाविषयी थोडक्यात सांगता येईल. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कवक त्यात वाढू शकत नाही. जुन्या घरांतील वासे व आढी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती कौलांची पाख पुढे काढलेली असे आणि दर वर्षी कौले चाळली जात म्हणून. एक फुटके कौल बदलण्याचा आळस झाला की त्याखालची भिंतीवरची तुळई आधी जाते. याउलट, पूर्ण पाण्यात बुडालेले लाकूडही कुजत नाही, कारण तेथे कवकाला हवा मिळत नाही. कुंपणाचा खांब मात्र नेमका जमिनीच्या रेषेवर मोडतो. वरचा भाग कोरडा, खालच्या भागाला हवा नाही. ओलावा आणि हवा दोन्ही जेथे भेटतात तेथेच सड. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखा याहून सोपा प्रयोग नाही. जुना खांब उपटून समोर ठेवला की पुरे.

कवके ही केवळ नासाडी करणारी, अशी समजूत होऊ नये म्हणून त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जंगलात दरवर्षी पडणारी लाकडे जशीच्या तशी राहिली असती तर झाडांनी जमिनीतून घेतलेली सर्व द्रव्ये त्या ढिगात अडकून पडली असती. श्वेत सडीची कवके पृथ्वीवर सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी उदयास आली, असा निष्कर्ष ३१ कवकांच्या जनुकसंचांचा अभ्यास करून २०१२ साली काढण्यात आला. कोळशाचे मोठे साठे ज्या युगात तयार झाले त्याच्या अखेरीचा हा काळ. लिग्निन फोडणारे कोणी नव्हते म्हणून लाकूड साचले आणि त्याचा कोळसा झाला, असा आकर्षक तर्क त्यावरून मांडला गेला. २०१६ साली इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. त्या काळची दलदल आणि भूस्तरांचे खचणे एवढी कारणे कोळशाला पुरेशी आहेत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मिटलेला नाही, आणि दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक वजनदार दिसते.

कवकांच्या या शक्तीचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. बाजारात मिळणारी धिंगरी अळंबी ही श्वेत सडीच्याच कुळातील. निर्जंतुक केलेला भाताचा पेंढा पिशवीत भरून त्यावर ती घरच्या घरी वाढविता येते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या लागवडीचे भारतातील प्रारंभीचे काम झाले.

परंतु गोवेकरांच्या जिव्हाळ्याची अळंबी वेगळी. वारुळाला येथे रोयण म्हणतात. सातेरी देवीची पूजा अनेक गावांत रोयणीच्या रूपानेच होते. श्रावणाच्या आगेमागे या रोयणींवर जी अळंबी उगवते ती टर्मिटोमायसीस या जातीची. वाळवीला लाकडातील लिग्निन एकटीने पचत नाही. म्हणून ती चघळलेले लाकूड व पालापाचोळा वारुळात स्पंजासारख्या गोळ्यांच्या रूपात रचते आणि त्यावर हे कवक वाढविते. कवक त्या काष्ठाला मऊ व पचण्याजोगे करते आणि वाळवी ते खाते. माणसाने शेती सुरू करण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे चाललेली ही शेती होय. वाळवीवाचून हे कवक अळंबी देत नाही, आणि म्हणूनच धिंगरीप्रमाणे त्याची लागवड करणे आजवर साधलेले नाही. ती केवळ जंगलातून मिळते, चढ्या भावाने विकली जाते, आणि त्या लोभाने रोयणीच खणून काढण्याचे प्रकार घडतात. अळंबी पूर्ण उमलू देऊन, बीजाणू सांडल्यावर, रोयणीला धक्का न लावता खुडली, तर त्याच जागी पुढील वर्षी पुन्हा मिळते.

म्हादई आणि मोले येथील वनांत पावसाळ्याच्या काळोख्या रात्री कुजक्या काटक्या आणि पडलेली खोडे मंद हिरवट प्रकाशाने उजळलेली दिसतात. पूर्वी याला भुताटकी म्हणत. तो प्रकाश लाकडात वाढणाऱ्या काही कवकांचा असतो. काजव्याप्रमाणेच त्यांच्या शरीरातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो आणि त्यात उष्णता नसते. तो पाहण्यासाठी कंदील व विजेऱ्या विझवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटे शांत उभे राहावे लागते. चमकणारी काटकी घरी नेली तर ती वाळते आणि तिचा प्रकाशही नाहीसा होतो.